अनुवादक मिळत नाही, ही सबब आहे

जुन्या बांधकामांबद्दलचे मराठी कागद इंग्रजीत आणणारा माणूसच मिळत नाही, ही तक्रार कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आता वारंवार कानावर येते. संवर्धनाचे अहवाल लिहिणारे सल्लागार ती करतात, मुंबई-पुण्याहून विद्यार्थ्यांचे गट घेऊन येणारे प्राध्यापक करतात, पडका वाडा विकत घेऊन त्याचा इतिहास छापू पाहणारे नवे मालकही करतात. तक्रारीपाठोपाठ दोन खुलासे येतात. पहिला असा की मराठीत वास्तुविद्येची परिभाषाच नाही, मग भाषांतर करायचे तरी कशाचे? दुसरा असा की आता यंत्र भाषांतर करते, माणूस शोधण्याची गरज उरलेली नाही. हे दोन खुलासे एकमेकांना खोटे पाडतात, कारण परिभाषाच नसेल तर यंत्र कशाचे भाषांतर करते, हा प्रश्न उरतोच.

मी ही तिन्ही विधाने नाकारतो. अनुवादक मिळत नाही म्हणणाऱ्यांनी तो बहुतेक वेळा शोधलेलाच नसतो. शोधला तर त्याला टंकलेखकाचा दर सांगितलेला असतो. आणि तो मिळाला, त्याने काम केले, तरी अहवालाच्या पहिल्या पानावर त्याचे नाव नसते. पुढच्या वेळी नवा सल्लागार येतो, त्याला कुणाचेच नाव कुठे सापडत नाही, आणि तो प्रामाणिकपणे तीच तक्रार करतो. ही टंचाई अशी तयार केलेली आहे.

कर्जतपासूनच बघू. राजमाचीच्या खाली, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कोंदिवड्याहून रान चढून गेले की कोंढाण्याची लेणी लागतात. चैत्यगृहाची दर्शनी बाजू दगडात कोरलेली आहे, पण कोरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाकूड होते. तुळयांची टोके, सज्जे, जाळ्या, कमानीच्या फासळ्या, सगळे सुतारकाम दगडात उतरवलेले आहे. तिथल्या एका भग्न मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच ती सांगते. पश्चिम भारतातल्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे पुष्कळ सापडतात. ज्याच्या हातांनी काम केले त्याने आपले नाव सांगितल्याची उदाहरणे थोडी. या दोन तालुक्यांतला, मला माहीत असलेला, बांधकामाविषयीचा सर्वांत जुना मजकूर तो हाच.

तो इंग्रजी वाचकापर्यंत पोचला कसा? फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा मोठा ग्रंथ १८८० साली निघाला. कोंढाण्याची लेणी प्रथम नजरेस आणली ती विष्णुशास्त्री यांनी, आणि त्यानंतर इंग्रज अधिकारी लॉ तिथे गेले, असे त्या काळच्या नोंदी सांगतात. (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, ते कुलाब्यात आले १८९१ साली, आणि कुलाब्याचे रायगड झाले १९८१ साली. जुने गॅझेटिअर शोधणाऱ्यांची इथे नेहमी फसगत होते.) विष्णुशास्त्री हे लेणी आयोगाच्या कामाशी जोडलेले पंडित होते. जुनी अक्षरे वाचणारा, संस्कृत-प्राकृत जाणणारा, दगडासमोर उभा राहून साहेबाला अर्थ सांगणारा माणूस तेव्हा होता आणि त्याच्यामुळेच पुढचे सगळे झाले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर फर्ग्युसन आणि बर्जेस, आणि विष्णुशास्त्र्यांच्या वाट्याला ओझरता उल्लेख. आपल्याकडची अनुवादकाची टंचाई तेव्हापासूनची आहे.

याच्या अगदी उलट वागलेला एक देश आहे. आयर्लंडात जुन्या मठांशेजारी उंच, गोल, दगडी मनोरे आहेत, आणि बहुतेकांचे दार जमिनीपासून बरेच वर. ते कुणी बांधले यावर तिथल्या विद्वानांनी दीर्घकाळ वाद घातला. कुणी म्हणाले फिनिशियन व्यापाऱ्यांनी, कुणी म्हणाले अग्निपूजकांनी. रॉयल आयरिश अकादमीने या प्रश्नावर निबंध मागवले. जॉर्ज पेट्री या चित्रकार-संशोधकाला १८३३ साली त्यासाठी पारितोषिक मिळाले, आणि १८४५ साली त्याचा आयर्लंडच्या धार्मिक वास्तूंवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पेट्रीने मनोरे मोजले, रेखाटले. पण वाद मिटला तो केवळ मोजमापांनी नाही. त्याच्याबरोबर जॉन ओ'डोनोव्हन आणि युजीन ओ'करी हे दोघे होते. दोघेही आयरिश बोलणाऱ्या शेतकरी घरांतले, दोघांनीही पेट्रीबरोबर सरकारच्या जमीन मोजणी खात्यात काम केलेले. जुन्या आयरिश हस्तलिखितांतल्या वर्षवार नोंदी त्यांनी वाचल्या. त्या नोंदींत हे मनोरे घंटाघर म्हणून येतात. कधी वीज पडून, कधी हल्ल्यात जळल्याच्या हकिकती येतात. हे मनोरे ख्रिस्ती मठांचे होते, हे त्यावरून पक्के झाले. दगडाला साक्ष मिळाली ती कागदाची, आणि तो कागद वाचणारी माणसे गावातून आलेली होती. ओ'डोनोव्हन आणि ओ'करी यांची नावे आज तिथल्या विद्येच्या इतिहासात पेट्रीच्या बरोबरीने घेतली जातात.

आपल्याकडे लेणे दिसले की पांडवांनी एका रात्रीत कोरले म्हणून सांगतात. लोकांच्या सांगण्यात काही वाईट नाही. वाईट हे आहे की आमचे शिकलेले लोक त्या गोष्टीच्या पलीकडे जाण्यासाठी लागणारा वाचणारा माणूस ठेवत नाहीत.

आयर्लंडची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. २००७ साली आयरिश ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा झाली. पण संघाचे सगळे कागद त्या भाषेत करायचे तर तेवढे तयार अनुवादक नव्हते, म्हणून संघाला त्या बंधनातून सूट मिळाली आणि ती अनेक वर्षे चालत राहिली. म्हणजे नेमकी आपलीच तक्रार: माणसे मिळत नाहीत. त्यांनी त्यावर काय केले? सरकारने पैसे घालून विद्यापीठांत अनुवादाचे अभ्यासक्रम चालवले. कायद्याच्या मजकुरासाठी वेगळे प्रशिक्षण दिले. संज्ञांचा कोश सर्वांना खुला केला. परीक्षा घेऊन अनुवादकांना अधिकृत मान्यता देण्याची पद्धत बसवली. १ जानेवारी २०२२ रोजी ती सूट संपली. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. आपल्या २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे निघाले ८ कोटी ३० लाख. बहात्तर हजारांच्या भाषेला माणसे तयार करता आली. आठ कोटींच्या भाषेला माणूस मिळत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता परिभाषेचा आक्षेप. मराठीत बांधकामाचा विचार मांडणारा मजकूर नाही असे म्हणणाऱ्याने रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले दुर्गांचे प्रकरण वाचलेले नसावे. हा ग्रंथ १७१५-१६ च्या सुमाराचा. गड बांधायच्या आधी पाण्याची खात्री कशी करावी, खडक फोडून टाकी कशी करावीत, दरवाजा बुरुजांच्या आड कसा घ्यावा, एकाच दरवाजावर का विसंबू नये, दारूखाना वस्तीपासून दूर का ठेवावा, गडावर कोणती झाडे राखावीत, हे सगळे त्यात आहे, आणि ते कारागिराला हुकूम द्यावा इतक्या नेमक्या भाषेत आहे. श्री. व्यं. पुणतांबेकरांनी १९२९ साली आज्ञापत्र इंग्रजीत आणले. म्हणजे मजकूर होता, भाषा होती, अनुवादकही मिळाला, आणि या गोष्टीला शंभर वर्षे होत आली. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत. जगासमोर ती बाजू मांडताना ज्या विचाराचा आधार घ्यावा लागतो तो मराठीतच लिहिलेला आहे.

त्याही पुढे जाऊ. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस एतद्देशीय मुलांना अभियांत्रिकीचे शिक्षण मराठी आणि गुजरातीतून देत होते. त्यासाठी जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारख्या पंडितांना हाताशी धरून त्यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. घर, देऊळ, विहीर, किल्ला यांच्या भागांचे शब्द इंग्रजी अर्थासह त्यात पानापानांवर विखुरलेले आहेत. रावबहादूर कृ. वि. वझे या अभियंत्याने १९२४ साली प्राचीन शिल्पशास्त्राचे सार मराठीत मांडले. भाषा संचालनालयाने स्थापत्य अभियांत्रिकीचा परिभाषा कोश काढला. म. श्री. माटे यांनी १६५० ते १८५० या काळातल्या मराठा वास्तूंवर इंग्रजीत पुस्तक लिहिले ते १९५९ साली, मराठी साधने वाचून. ही परंपरा तुटक आहे हे मी मान्य करतो. पण तुटक परंपरा आणि परंपराच नसणे यांत फार अंतर आहे.

पुस्तके बाजूला ठेवली तरी तालुक्यात शब्द आहेत. पेठच्या किल्ल्यावर, म्हणजे कोथळीगडावर, सुळक्याच्या पोटातून कोरलेला जिना आणि खालच्या गुहेतले नक्षीचे खांब बघायला शहरातून माणसे येतात. त्यांना वाट दाखवणारा गावातला माणूस खांबाच्या प्रत्येक भागाला, पायरीला, कोनाड्याला, टाक्याला नाव देऊन बोलतो. महडचे वरदविनायकाचे देऊळ रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ साली बांधले असे सांगतात. खोपोलीचे महादेवाचे देऊळ आणि तळे नाना फडणविसांचे. अशा कामांच्या काळात गवंडी, पाथरवट, सुतार, बेलदार यांची मजुरी, चुना, सागवान, लोखंड यांचे हिशेब मोडीत लिहिण्याची रीत होती. जोते किती उंच, खण किती, कडीपाट कुठे, चिरेबंदी कुठवर आणि वर वीट कुठे, हे त्या हिशेबांवरून कळते. वाचणाऱ्याला मात्र खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर हे ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसलेल्याने पाच खणी घराच्या पाच खोल्या केल्या की नकाशा चुकतो, नकाशा चुकला की दुरुस्ती चुकते.

वाडीत गेले तर ही भाषा आणखी दाट होते. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवरच्या ठाकर आणि कातकरी वस्त्यांत कारवीच्या कुडाची घरे अजून कुठे कुठे उभी आहेत. जमिनीत रोवलेल्या मेढी, त्यांच्या बेळक्यात बसवलेले आढे, दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर पेंढा किंवा कौल, आणि पावसाची झड ज्या बाजूने येते तिथे वेगळा आडोसा. कारवी कधी तोडायची, कोणत्या महिन्यातली काठी किडत नाही, मेढीला कोणते लाकूड पाण्यात टिकते, चुलीचा धूर छपराला का लागू द्यायचा, हे ज्ञान शब्दांत आहे आणि ते शब्द बोलीत आहेत. सह्याद्रीतल्या ठाकरांवर ल. ना. चापेकरांचे इंग्रजी पुस्तक १९६० साली आले. कातकऱ्यांवर वेलिंग यांचे १९३४ साली. शेजारच्या बदलापूरवर ना. गो. चापेकरांनी मराठीत लिहिलेले गावाचे पुस्तक तर आपल्या भाषेतल्या गाव-अभ्यासाचा पाया आहे. ही माणसे वाड्यांवर गेली, बसली, ऐकली, आणि दुसऱ्या भाषेत किंवा प्रमाण मराठीत सांगू शकली. त्यांना माणूस मिळत नाही अशी अडचण आली नाही, कारण ते स्वतः माणसांपर्यंत गेले.

इथे विरोधकांच्या बाजूचा एक मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. मोडी वाचता येते, इमारतीचे सांधे कळतात आणि चांगले इंग्रजी लिहिता येते, अशी तिन्ही अंगे एका माणसात क्वचितच सापडतात. मोडी वाचणारे बहुधा इतिहासाच्या वाटेने आलेले असतात. त्यांना कडीपाट आणि पाटई यांतला फरक सांगावा लागतो. वास्तुविशारदाला तो कळतो, पण त्याचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असते आणि मोडीचे पान त्याला परके असते. गवंड्याला सगळे कळते, पण त्याला कुणी कागदासमोर बसवत नाही.

पण हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. दक्षिणेत रामराज नावाच्या गृहस्थांनी हिंदू वास्तुकलेवर इंग्रजीत निबंध लिहिला. तो लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने १८३४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापला. शिल्पशास्त्राच्या जुन्या संस्कृत पोथ्या हाती घेतल्यावर त्यांना कळले की पंडिताला भाषा येते पण संज्ञांचा अर्थ लागत नाही, आणि शिल्पी ज्या वस्तू रोज घडवतो त्यांची पोथीतली भाषा त्याला वाचता येत नाही. त्यांनी दोघांचीही मदत घेतली. पोथी आणि छिन्नी समोरासमोर आल्यावर अर्थ उलगडला. पेट्री आणि ओ'डोनोव्हन यांनी तेच केले. तीन गुण एकाच माणसात शोधत बसण्यापेक्षा तीन माणसे एका टेबलाशी बसवा. कर्जतमध्ये हे आज करता येईल. मोडीची परीक्षा दिलेली माणसे जिल्ह्यात आहेत, जुने काम केलेले गवंडी आणि सुतार आहेत, दोन्ही भाषांत लिहिणारे शिक्षक आणि वकील आहेत. नाही तो फक्त त्यांना एकत्र बसवण्याचा खर्च करणारा.

खर्च करायचा ठरला की माणसे कशी मिळतात हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुने मोडी कागद उघडले गेले. मोडी जाणणारे लागले, तेव्हा ते शोधले गेले आणि मिळाले. ज्या लिपीचे वाचक संपले असे आपण मानत होतो तिचे वाचक कचेऱ्यांत बसून नोंदी वाचू लागले. त्या कामाच्या राजकारणाशी मला इथे कर्तव्य नाही. सांगायचे एवढेच की गरज राज्याची झाली तेव्हा वाचक सापडले. एका वाड्याची, एका देवळाची, एका लेण्याची गरज ही गरजच मानली जात नाही, म्हणून तिथे ते सापडत नाहीत.

साहित्यातही हेच दिसते. पेणजवळच्या वरसईच्या गोडसे भटजींच्या माझा प्रवासची इंग्रजी रूपांतरे एकाहून जास्त निघाली. गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ चे मुंबईचे वर्णन मुरली रंगनाथन यांनी इंग्रजीत आणले, आणि त्या पुस्तकात मुंबईच्या इमारती, रस्ते, तळी यांची वर्णने भरलेली आहेत. प्रकाशकाने विचारले, पैसे दिले, नाव छापले. एकोणिसाव्या शतकातले अवघड मराठी सुंदर इंग्रजीत आले.

यंत्राबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. छापील, प्रमाण मराठीचा कच्चा खर्डा करायला ते उपयोगी पडते, आणि ज्याला ते वापरायचे आहे त्याने वापरावे. पण बांधकामाच्या मजकुरात चूक झाली तर कुणाला जाब विचारायचा? गवंडी चुकला तर भिंत दाखवता येते, अभियंता चुकला तर सही दाखवता येते. यंत्राची सही नसते. शिवाय मोडीतले पान, वाडीतल्या म्हातारीचे बोलणे, पडक्या भिंतीवरची अर्धी पुसलेली ओळ, हे यंत्रासमोर ठेवायच्या आधीच माणसाला वाचावे आणि ऐकावे लागते. तिथे माणूस नको म्हणणे म्हणजे कामच नको म्हणणे.

ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती आता सांगतो. भाषांतर ही इतिहासप्रेमींची हौस आहे, असे समजून हा प्रश्न बाजूला सारतात. खालापूर तालुक्यात तरी कुणी असे समजू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाचलेल्यांसाठी सिडकोने चौकजवळ मानिवली इथे नवी घरे बांधली. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला केंद्राने अतिअसुरक्षित आदिवासी समूहांसाठी जनमन योजना सुरू केली. तिच्यात देशभर ४ लाख ९० हजार पक्की घरे बांधायचे ठरले. महाराष्ट्रातले असे समूह तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे कर्जत-खालापूरच्या कातकरीवाड्याही या घरांच्या योजनेत येतात. आराखडे, नियम, तांत्रिक सूचना यांचा मूळ मजकूर इंग्रजीत किंवा सरकारी मराठीत तयार होतो. घरात राहणारे लोक कातकरी बोलतात, ठाकरी बोलतात. ओटा कुठे हवा, चूल आत की पडवीत, कोंबड्या आणि शेळ्या कुठे, सरपण कोरडे कुठे ठेवायचे, झड कोणत्या बाजूने येते, पाणी उतारावरून घराच्या कोणत्या अंगाला वाहून न्यायचे, हे त्यांना पक्के माहीत आहे. ते आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर त्याच्या भाषेत पोचले पाहिजे, आणि त्याचा आराखडा वाडीत, वाडीच्या भाषेत, घर बांधायच्या आधी वाचून दाखवला पाहिजे. हे काम अनुवादकाचे आहे. डोंगरावरच्या वस्तीला जमीन भेगाळल्याचे, झरा गढूळ झाल्याचे, झाडे कलल्याचे जे दिसते ते अहवालाच्या भाषेत वेळेवर आणणे हेसुद्धा त्याचेच काम आहे. हा माणूस वाडीतच आहे. आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलेली, घरी कातकरी बोलणारी आणि मराठी लिहिणारी मुले-मुली या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांना मराठीतून इंग्रजीत नेणारा दुसरा माणूस जोडून दिला की साखळी पुरी होते. पण या मुलांना आपण मदतनीस म्हणून रोजावर बोलावतो, अनुवादक म्हणून नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा अर्थ एवढाच राहणार असेल की व्यासपीठावर अभिमान सांगायचा आणि तालुक्यातल्या कागदांना वाचक मिळत नाही म्हणून हात वर करायचे, तर त्या दर्जाने कर्जतच्या एका तुळईलाही आधार मिळणार नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीचे किंवा वाडीतल्या घरकुलांचे अंदाजपत्रक तयार होते तेव्हा त्यात चुना, वाळू, पोलाद यांच्या ओळी असतात. तिथेच भाषांतराची ओळ असली पाहिजे, आणि तिचा दर शब्द मोजून नव्हे, कामाचे दिवस आणि जबाबदारी पाहून ठरला पाहिजे. मोडीचा कागद असेल तर वाचक, कारागीर आणि इंग्रजी लिहिणारा अशा तिघांना मानधन दिले पाहिजे. अहवालावर वास्तुविशारदाच्या नावाखाली त्या तिघांची नावे छापली पाहिजेत. जिल्हा परिषदेने आणि इथल्या महाविद्यालयांनी मिळून दोन्ही तालुक्यांतल्या घर-देऊळ-विहिरींच्या शब्दांचा संग्रह करायला घ्यावा, बोलीसकट, आणि तो करताना म्हाताऱ्या गवंड्यांना आधी विचारावे, कारण ती माणसे फार दिवस थांबणार नाहीत. वास्तुविद्या शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना कोंढाण्याला किंवा पेठला नुसते रेखाटायला आणू नये, एखादा मराठी कागद गावातल्या माणसाबरोबर बसून वाचायला लावावा.

ज्यांच्या माळ्यावर वाड्याचे, देवळाचे, विहिरीचे जुने हिशेब बांधून ठेवलेले आहेत त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवावेत. आणि ज्यांना अनुवादक हवा आहे त्यांनी पुढच्या खेपेस तक्रार करण्याआधी कामाचा मोबदला किती आणि अहवालावर नाव कुणाचे, एवढ्या दोन गोष्टी लिहून द्याव्यात.